पार्टी कशी आहे?

नाशिक महामार्गावर मानकोली आली की पत्र्याची गोदामं सुरू होतात आणि ती काही केल्या संपत नाहीत. वळ, दापोडे, पूर्णा, राहनाळ. जिथे आमच्या आगरी मित्रांच्या आज्या गुडघाभर चिखलात भात लावायच्या, तिथे आता मिक्सर, चपला आणि मोबाइलची कव्हरं मांडून ठेवलेली असतात. भिवंडीचा जुना लौकिक दोनच गोष्टींचा, यंत्रमाग आणि खड्डे. आता तिसरी भर पडली आहे. ‘आपले पार्सल भिवंडीत पोहोचले आहे’ हा मेसेज अख्ख्या महाराष्ट्राला पाठ आहे, आणि पार्सल तिथून दोन दिवस हललं नाही की सांगलीपासून अमरावतीपर्यंत लोक आमच्या गावाचा उद्धार करतात.

आम्हाला तरी कुठे सुख आहे? मी मागवलेली कुकरची रिंग रिक्षाने वीस मिनिटांवरच्या गोदामातून निघाली, रात्री भलत्याच गावाला मुक्कामाला गेली आणि पाहुणचार घेऊन परत आली. कामतघरच्या गल्लीत गाडी लावून, पाठीवर स्वतःहून मोठी पिशवी घेऊन तीन मजले चढलेला पोरगा म्हणाला, ‘‘काका, पाच स्टार द्या हां. चार दिले तरी विचारतात, काय झालं म्हणून.’’ शाळेत पाचपैकी चार मिळवणाऱ्याला आम्ही हुशार म्हणायचो. इथे चारवाला आरोपीच्या पिंजऱ्यात.

डबा उघडला तर रिंगेच्या आधी चिठ्ठी बाहेर पडली: पाच तारे द्या, फोटो पाठवा, पन्नास रुपये मिळवा. विकणाऱ्याने ग्राहकाचं सोंग घेऊन स्वतःच्या मालाची तारीफ लिहू नये, असं २०२० च्या ई-कॉमर्स नियमांत आहे. २०२२ मध्ये भारतीय मानक ब्युरोने अभिप्रायांसाठी एक मानकच काढलं. ते अर्थातच ऐच्छिक. त्यामुळे सोंग आता कोणी घेत नाही, खऱ्या ग्राहकालाच पन्नास रुपयांत कामाला लावतात. त्याच रिंगेखाली एका बाईंनी लिहिलं होतं, ‘छान आहे, अजून लावली नाही’, तारे पाच. त्यांच्या खाली एक गृहस्थ: ‘रिंग उत्तम, पण कुरिअरवाल्याने जिना चढताना कुरकुर केली’, तारा एक. म्हणजे कुरकुर एकाची आणि शिक्षा रिंगेला.

आमच्या खालच्या मजल्यावरच्या वहिनी ऑनलाइन साड्या विकतात. लग्नसराई संपली की त्यांच्याकडे साड्यांचं माहेरपण सुरू होतं. परवा एक परत आली ती मी डोळ्यांनी पाहिली. घडी चुकलेली, निऱ्यांच्या जागी बोटभर हळद, पदराच्या आत अबोलीचं सुकलेलं फूल. ब्लाउजपीस नाहीच, तो शिंप्याकडे राहिला असावा. परतीचं कारण ‘रंग फोटोसारखा नाही’, आणि वर एक तारा. ती साडी नेसून परत पाठवणाऱ्या बाईंना तारे देण्याची सोय वहिनींना कुठेच नाही. त्यांना मुभा एवढीच, की खाली उत्तर लिहावं: ‘प्रिय ग्राहक, आपल्याला झालेल्या गैरसोयीबद्दल आम्ही दिलगीर आहोत.’ हे टाइप करताना वहिनींचा चेहरा मी पाहिला आहे. दिलगिरी तिथे औषधालाही नव्हती.

हे पहिल्यापासून असं नव्हतं. अमेरिकेत ईबेने १९९६ मध्ये ही अभिप्रायाची पद्धत आणली तेव्हा घेणारा देणाऱ्याला आणि देणारा घेणाऱ्याला, दोघंही एकमेकांना गुण द्यायचे. मग माणसं माणसांसारखीच वागली. तू मला वाईट म्हणालास? थांब, बघतो तुला. गिऱ्हाईक धास्तीने खराब मालालाही छान म्हणू लागलं. शेवटी २००८ मध्ये ईबेने विक्रेत्यांचा वाईट शेरा मारायचा हक्कच काढून घेतला. ग्राहकाविषयी बोलायचं तर चांगलंच, नाहीतर गप्प. दुखणं खरं होतं, हे मान्य. पण सुनेने उलट बोलू नये म्हणून तिचं तोंडच शिवलं, तर घरात शांतता नांदते ती सासूच्या सोयीची.

आमच्या कापडबाजारात गिऱ्हाइकाला वाईट म्हणायची चाल जुनी आहे आणि तिने कोणाचं तोंड शिवलेलं नाही. इथे कोरं कापड उधारीवर जातं, त्यामुळे कारखानदाराचा पहिला प्रश्न भावाचा नसतो. तो विचारतो, ‘‘पार्टी कशी आहे?’’ माझ्या ओळखीचे एक म्हातारे दलाल, सगळ्या बाजाराचे मामा, धामणकर नाक्यावर चहा घेता घेता चार शब्दांत निकाल देतात. ‘साठ म्हणते, नव्वद धरा.’ ‘माल उतरवून घेते, मग डाग शोधते.’ सगळ्यात वाईट शेरा, ‘वटाव फार’, म्हणजे पैसे देताना कापून घेते. तिकडे व्यापारीही त्यांनाच विचारतो, हा कारखानदार ताक्यात मीटर पुरे भरतो का? दोघांची पत मामांच्या डोक्यात, आणि मामांची स्वतःची पत त्या शेऱ्यावर. बुडव्या पार्टीला एकदा चांगली म्हणाले, की पुढच्या सौद्याला कोण विचारतो मामांना?

हेही काही रामराज्य नव्हे. गावाकडून नवा आलेला होतकरू पोरगा चार माग भाड्याने घेतो तेव्हा त्याला उधारीवर सूत कोणी देत नाही, कारण त्याच्याबद्दल मामांना काही ठाऊक नसतं. कोणाच्या बापाने कधीकाळी पैसे बुडवले, तर मुलगा आजही रोखीनेच घेतो. ताऱ्यांना निदान बापाचं नाव लागत नाही. पण ते देणाऱ्याचंही लागत नाही, आणि माझं भांडण तिथेच आहे. नव्वद दिवसांच्या पार्टीला सगळा बाजार ओळखतो. हळद लागलेली साडी परत पाठवणाऱ्या बाई उद्या दुसऱ्या दुकानात तितक्याच ‘प्रिय ग्राहक’.

मामांच्या पुतण्याने हौसेने त्यांची पेढी फोनच्या नकाशावर टाकली. आठवड्यात तिला एक तारा पडला. पार्सल हरवलेल्या कोणीतरी गोदाम समजून पत्ता शोधला होता आणि सगळा राग तिथे ओकला होता: ‘अत्यंत बेजबाबदार. माझे हेडफोन कुठे आहेत?’ पुतण्या कासावीस. तक्रार कशी करायची, तो तारा पुसायचा कसा, ह्याच्या मागे लागला. मामांनी चष्मा लावून शेरा दोनदा वाचला, लिहिणाऱ्याचं नाव पुन्हा पाहिलं आणि खिशातून फोन काढून उल्हासनगरच्या एका व्यापाऱ्याला लावला.

‘‘शेठ, ह्या नावाची पार्टी आहे का तुमच्याकडे कोणी? नाही, सौदा नाही. पेमेंट कसं आहे, तेवढं सांगा.’’