धरून चाला, मंग?

सकाळी सहाला दाराची कडी वाजली, तेव्हाच मी बायकोला म्हटलं, "मास्तर आले." वरठीत ज्या घरी लग्न निघतं, त्या घरी सोयऱ्यांच्या आधी मास्तर येतात. बोलवावं लागत नाही. हातात कापडी पिशवी, खिशाला दोन पेन (एक बंद पडलं तर), आणि उंबऱ्यातूनच पहिलं वाक्य, "धरून चाला, आचारी आलाच नाही. मंग?"

तुमच्याही गावी असे एक जण असतीलच, त्यामुळे पुढचं सांगायला नको. चहा येईपर्यंत आचारी तापाने फणफणला होता, भटजी भलत्याच मांडवात जाऊन बसले होते, वाऱ्याने शामियाना उडाला होता आणि नवरीच्या मामाचा पाय मुरगळला होता. मामा तेव्हा समोरच पोहे खात होता. त्याने मुकाट्याने पाय पाटाखाली घेतला. मास्तर मात्र कप खाली ठेवताना प्रसन्न दिसत होते.

मास्तर म्हणजे स्टेशनमास्तर नव्हेत. ते आमच्या स्टेशनात पॉइंट्समन होते. मास्तर त्यांना गावाने केलं. सांधा नीट बसला की नाही हे बघण्यात त्यांची सारी नोकरी गेली. बसला तर गाडी निघून जाते, कोणी वळूनही बघत नाही. नाही बसला तर पेपरात येतं. निवृत्तीनंतर रूळ सुटले, सांधे राहिले. आता ते दोन घराण्यांचे तपासतात.

या स्टेशनाचं एक वेगळंच दुखणं आहे. स्टेशन आमच्या वरठीत, नाव मात्र 'भंडारा रोड'. खुद्द भंडारा तिथून दहा-बारा किलोमीटर. म्हणून मास्तरांचा आग्रह, की पत्रिकेवर श्रीगणेशाच्या खाली आणि कुलदैवताच्या वर ठळक अक्षरांत छापावं : "भंडारा रोडला उतरा. भंडाऱ्याला जाऊ नका." लोक हसतात आणि छापत नाहीत. एका लग्नाला नवरदेवाचे चार मित्र पुण्याहून आले, स्टेशनबाहेर ऑटोत बसले आणि झोकात म्हणाले, "भंडारा." लग्नाचा हॉल त्यांच्या पाठीमागे दिसत होता. भंडाऱ्यात तासभर तो शोधून ते परतले, तेव्हा जिलेबी संपली होती आणि शेवटच्या पंगतीच्या पत्रावळ्या उचलल्या जात होत्या. मास्तरांनी चार ताटं झाकून ठेवली होती. "मी तं धरूनच चाललो होतो," एवढंच बोलले.

पिशवीत काय नसतं ते विचारा. सेफ्टीपिना, काळे मणी, टॉर्च, मीठ-साखरेच्या पुड्या, दोन अंतरपाट. दोन कशाला? तर एक भटजी विसरतात आणि दुसऱ्याने कोणीतरी घाम पुसतं. शिवाय वेगळ्या पुडीत अक्षता. हा धानाचा जिल्हा. इथे तांदूळ कमी पडेल असं कोणाला वाटेल? पण एकदा पोरांनी तिसऱ्याच मंगलाष्टकाला सगळ्या अक्षता उधळून टाकल्या आणि ऐन 'शुभमंगल सावधान'ला पाहुणे रिकाम्या मुठी हलवत उभे राहिले. सावधान एकटे मास्तर होते.

कांदे तर असतातच. वैशाखात आमच्याकडे पारा चव्वेचाळीस-पंचेचाळीसला टेकतो आणि नवरदेव अंगात शेरवानी, डोक्याला फेटा आणि घोड्यावर. ऊन लागू नये म्हणून मास्तर त्याच्या खिशात कांदा कोंबतात. गेल्या दहा-पंधरा वर्षांतले गावचे अल्बम काढून बघा, नवरदेवांच्या डाव्या कुशीला एक टेंगूळ दिसेल.

विजेचाही बंदोबस्त आहे. जनरेटर असतोच, पण "धरून चाला, त्यात डिझेलच नाही. मंग?" म्हणून आहेराच्या यादीत पहिलं नाव वायरमनचं. त्याला सहकुटुंब बोलावून पुढच्या रांगेत, डोळ्यांसमोर बसवायचं. समोर बसलेल्या माणसाची लाइन जात नाही, हा सिद्धांत अजून कोणी खोटा ठरवलेला नाही.

हरतात ते फक्त वेळेपुढे. पूर्वी मुहूर्ताला घटिकापात्र लावत. बुडाशी बारीक भोक असलेली वाटी पाण्यात सोडायची. ती बुडाली की एक घटका, म्हणजे 24 मिनिटं, झाली. आता ते काम डीजेकडे आहे आणि डीजे काही बुडत नाही. मास्तरांनी युक्ती केली : अकराचा मुहूर्त, तर वरपक्षाला दहा सांगितले. वरपक्षाकडेही एक मास्तर निघाले. त्यांनी हिशेब केला, हे तासभर आधीचं सांगतात, आपण दोन तास उशिरा निघू. लग्न दीडला लागलं. मग मास्तरांचा राग पंचांगावर गेला. पण बौद्ध पद्धतीच्या मंगल परिणयातही, जिथे मुहूर्तच नाही, पत्रिकेवरची वेळ तशीच उलटलेली पाहून तोही निवळला.

त्यांचा वैताग येतो, हे मी इथे लिहून ठेवतो. लग्नघराला दोन दिवस आनंदात राहू द्यावं, पण हे एकेक अनर्थ आणून अंगणात मांडतात. आणि त्यांतले बहुतेक घडतच नाहीत, म्हणून जास्तच वैताग.

मग कोरोनातला एप्रिल 2021 आला. सरकारी आदेश : लग्न दोन तासांत उरकायचं, माणसं पंचवीस, मोडलं तर पन्नास हजार दंड. माझ्या पुतण्याचं लग्न त्यातच आलं. मास्तर यादी करायला बसले. दोन्हीकडचे आईबाप, भटजी, फोटोवाला, आजी. तीनदा मोजलं. मास्तर सव्विसावे होते.

लग्नाच्या दिवशी ते फाटकाबाहेर कडुनिंबाखाली उभे राहिले, तोंडाला फडकं, हातात पिशवी. आत मिनिटाच्या ठोक्याला अंतरपाट दूर झाला. ना डीजे, ना रुसवे, ना लाइट गेली. त्यांनी आयुष्यभर मागितलं तसं लग्न शेवटी लागलं आणि ते त्यांना दिसलं नाही. दोन तासांनी मी ताट घेऊन बाहेर आलो, तर त्यांनी विचारलं, "अक्षता पुरल्या?" मी हो म्हटलं. त्यांनी पिशवीतली पुडी काढून बघितली आणि परत ठेवली.

त्या रात्री मी घरातले जुने अल्बम चाळले. मास्तर प्रत्येक लग्नात सापडले, पण पाठमोरे, फोटोच्या कडेतून बाहेर पडताना. चेहरा एकाही फोटोत नाही.

यंदा माझ्या मुलीचं होतं. मास्तरांचे गुडघे आता गेले आहेत, तरी सहाला कडी वाजलीच. "धरून चाला..." सुरू झालं, बायको या वेळी रागावली नाही, तिने वही काढली. लग्न लागल्यावर मुलीने हट्टाने त्यांना फोटोसाठी स्टेजवर बोलावलं. ते नाही नाही म्हणत राहिले. शेवटी शालू सावरत तीच खाली उतरली, त्यांची पिशवी आपल्या खांद्याला अडकवली आणि त्यांचा हात धरून म्हणाली, "धरून चाला, आजोबा."

मास्तर पहिल्या पायरीवर थांबले. पायाने ती दाबून बघितली.

"हे हालते," ते म्हणाले. "काल सांगतलं होतं मी."