पुढच्या नोव्हेंबरात

व्यवस्थापनाच्या पदव्युत्तर अभ्यासक्रमाची प्रवेश परीक्षा एकदा देऊन झाल्यावर, मिळालेला पर्सेंटाइल चारचौघांत सांगण्याजोगा नसल्यामुळे तीच परीक्षा पुन्हा देणे, या क्रियेला पुनर्परीक्षा म्हणतात. ती देशभर आढळते. परंतु ठाणे, डोंबिवली आणि कल्याण या मध्य रेल्वेच्या पट्ट्यात तिला विशेष पोषक हवामान लाभले आहे. इंजिनिअरिंगची पदवी, ऐरोली किंवा पवईतली आयटी कंपनी, वन बीएचकेची बाल्कनी बंद करून काढलेला अभ्यासाचा कोपरा आणि ‘बी विंगमधला आयआयएमला गेला’ ही बातमी, एवढे साहित्य एका मजल्यावर जमले की पुनर्परीक्षार्थी आपोआप तयार होतो. कोचिंग क्लासात त्याला रिपीटर म्हणतात. नोकरी सोडून बसला तर ड्रॉपर. घरचे बाहेर ‘सध्या तयारी चालू आहे’ एवढेच सांगतात, आणि विचारणाराही कसली ते विचारत नाही.

पुनर्परीक्षा दोन प्रकारची असते, लादलेली आणि ओढवून घेतलेली. पहिल्या प्रकाराचे श्रेय परीक्षा घेणाऱ्यांचे. आयआयएमची प्रवेश परीक्षा असलेल्या कॅटचा नोव्हेंबर २००३ मधला पेपर फुटला, परीक्षा रद्द झाली आणि फेब्रुवारी २००४ मध्ये, ज्यांना पेपर उत्तम गेला होता त्यांच्यासह, साऱ्या देशाला पुन्हा बाकावर बसावे लागले. २००९ मध्ये कॅट कागदावरून संगणकावर गेली. पहिल्याच वर्षी संगणकांनी अंग टाकले आणि ज्यांची परीक्षा बुडाली त्यांची जानेवारी २०१० मध्ये पुन्हा घेण्यात आली. महाराष्ट्र मागे राहणे शक्य नव्हते. राज्याच्या सीईटी कक्षाने मार्च २०२३ मध्ये घेतलेल्या एमबीए सीईटीत यंत्रणा अडकली, तिचा फटका बसलेल्यांची परीक्षा मे महिन्यात पुन्हा झाली आणि निकालानंतर नॉर्मलायझेशनवरून वाद पेटला. परीक्षा पुन्हा द्यावी लागणे हा अन्याय की द्यायला न मिळणे हा, हा प्रश्न तेव्हापासून शास्त्रात अनिर्णित आहे.

ओढवून घेतलेल्या पुनर्परीक्षेचे नियम परीक्षेगणिक बदलतात. जीमॅट सोळा दिवसांच्या अंतराने, बारा महिन्यांत पाच वेळा देता येते आणि तिचा स्कोअर पाच वर्षे टिकतो. तिची नवी आवृत्ती २०२३ च्या अखेरीस आली तेव्हा मोजपट्टीही बदलली. आता स्कोअर २०५ ते ८०५ या पट्टीवर येतो आणि प्रत्येक आकडा पाचाने संपतो. नव्या पट्टीवरचा ६४५ हा जुन्या ७०० च्या तोडीचा मानला जातो, हे नौपाड्यातल्या आत्याला पटवून देणे मात्र जीमॅटपेक्षा अवघड आहे. तिच्या हिशेबी भाच्याचे पंचावन्न मार्क कमी झाले. सिंबायोसिसची स्नॅप आणि एनमॅट या परीक्षा एका हंगामात तीन-तीनदा देता येतात, दर वेळी नवी फी भरून. त्यामुळे तिथे पुनर्परीक्षार्थ्याचा निर्धार हा संस्थेच्या ताळेबंदाचाही भाग बनतो. कॅट मात्र वर्षातून एकदाच, सहसा नोव्हेंबरच्या शेवटच्या रविवारी. तिचा निकाल पुढच्या प्रवेशापुरता चालतो आणि मग शिळा होतो. यंदाचे ९७ पुढच्या वर्षीच्या फॉर्मवर लिहिता येत नाहीत. म्हणजे सुधारणा करायची तर आधीचे सगळे टाकून शून्यापासून सुरुवात करावी लागते, आणि ८८ आले तर ९७ आठवणीत ठेवून जगावे लागते.

राज्य सरकारने या क्षेत्रात सर्वांत उदार पाऊल उचलले. २०२६-२७ या शैक्षणिक वर्षापासून एमबीएची सीईटी वर्षातून दोनदा, एप्रिलमध्ये आणि मेमध्ये, होईल असे उच्च व तंत्रशिक्षण मंत्री चंद्रकांत पाटील यांनी जाहीर केले. पहिली सक्तीची, दुसरी ऐच्छिक आणि दोन्हींतला चांगला पर्सेंटाइल ग्राह्य, अशी ती योजना. पूर्वी पुनर्परीक्षार्थ्याला वर्षभर लोकांची तोंडे चुकवावी लागत. आता महिनाभरात भागेल. ‘ऐच्छिक’ या शब्दाला डोंबिवलीत फारसा अर्थ नाही हे सरकारच्या लक्षात आलेले दिसत नाही. शेजारचा दुसऱ्यांदा बसणार असेल तर घरचाही बसणार, पहिल्यांदा ९९ आले असले तरी.

या सीईटीची रचना थोडी जवळून पाहण्यासारखी आहे. आजवरच्या पद्धतीत २०० प्रश्न आणि १५० मिनिटे, म्हणजे प्रश्नाला ४५ सेकंद. डोंबिवलीला फास्ट लोकल याहून कमी वेळ थांबते आणि तेवढ्यात दोनशे माणसे चढतात, त्यामुळे इथल्या उमेदवाराला ही गती परकी वाटत नाही. चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. परिणामी शेवटची तीन मिनिटे उरली की साऱ्या केंद्रात एकच आवाज भरून राहतो, माउसच्या टकटकीचा. प्रश्न वाचणे केव्हाच थांबलेले असते. उरलेल्या सगळ्या आकृत्यांना, सगळ्या उताऱ्यांना आणि नफा-तोट्याच्या सगळ्या गणितांना एकच पर्याय लागू पडतो. बहुतेकांची श्रद्धा ‘सी’वर असते. बाहेर आल्यावर याला स्ट्रॅटेजी म्हणतात.

आता पर्सेंटाइलकडे वळायला हवे, कारण सगळे दुखणे तिथे आहे. पर्सेंटाइल म्हणजे गुण नव्हेत. आपल्या मागे किती टक्के लोक राहिले त्याचा तो हिशेब असतो. २०२४ ची कॅट सुमारे २ लाख ९३ हजार जणांनी दिली. त्यात १४ जणांना १०० पर्सेंटाइल मिळाला. ९९ मिळवणाऱ्याच्या पुढेही जवळपास २,९०० माणसे उभी होती. पुनर्परीक्षेचा सगळा डोलारा ‘मी यंदा जास्त अभ्यास करीन’ या वाक्यावर उभा असतो, आणि त्या वाक्यात एकच उणीव असते: त्या २,९०० जणांच्या मागे उभे असलेले सगळे तेच वाक्य म्हणत असतात. सकाळी डोंबिवलीहून मुंबईला बसून जायचे म्हणून लोक आधी उलटे कल्याणला जातात आणि त्याच गाडीने रिटर्न येतात. काही जण रिटर्न मारत होते तोवर त्यांना खिडकी मिळे. पुढे सगळेच मारू लागले. आता गाडी कल्याणला पोहोचते तीच भरलेली, आणि तिथून चढणारा खरा कल्याणकर दारात लोंबकळतो. रिपीटरांमुळे पहिल्यांदा परीक्षेला बसणाऱ्याचे नेमके हेच होते, आणि पुढच्या वर्षी तोही रिटर्न मारायला शिकतो.

या गर्दीत भर घालणारा आणखी एक वर्ग आहे. कोचिंग क्लासांत शिकवणारे अनेक जण दरवर्षी स्वतः कॅट देतात आणि वरच्या पर्सेंटाइलात झळकतात. तशा बातम्याही छापून येतात. त्यांना कुठेच प्रवेश घ्यायचा नसतो. ते विद्यार्थ्यांना पुढे नेण्याची फी घेतात आणि परीक्षेत त्यांना एकेक जागा मागे ढकलतात. दोन्ही कामे ते मनापासून करतात.

अपयशाची कारणमीमांसा ही या विषयाची सर्वांत विकसित शाखा होय. कॅट एकाच दिवशी तीन सत्रांत होते आणि तिन्ही सत्रांचे गुण स्केल करून एका पातळीवर आणले जातात. तरीही ज्याचे सत्र सकाळी असते त्याच्या मते सकाळचा पेपर अवघड होता, दुपारच्याच्या मते दुपारचा. डेटा इंटरप्रिटेशनचा सेट चुकीचा निवडला, हे कारण उच्च कुळातले समजले जाते. त्याखालोखाल ‘सिली मिस्टेक’. कितीही गुण गेले तरी ते सिली मिस्टेकमध्येच जातात. विषय येत नसल्यामुळे गुण गेल्याची नोंद या पट्ट्यात आढळत नाही. केंद्रातला एसी, शेजाऱ्याचा खोकला आणि घोडबंदर रोडचा ट्रॅफिक ही दुय्यम कारणे. घरच्यांची कारणे निराळी असतात. आईच्या मते मोबाइल, वडिलांच्या मते झोप, आणि आजीच्या मते परीक्षेच्या दिवशी दही-साखर न खाता निघाल्याचा परिणाम.

पुनर्परीक्षार्थ्याचे वर्ष पंचांगापेक्षा वेगळे चालते. ते डिसेंबरात निकालाच्या दिवशी सुरू होते आणि पहिला आठवडा ‘आता पुरे’ या निश्चयात जातो. जानेवारीत झॅट ही आणखी एक प्रवेश परीक्षा असते, तिची फी आधीच भरलेली असते. फेब्रुवारीत मित्रांना मुलाखतीचे कॉल आल्याच्या बातम्या येतात आणि निश्चय डळमळतो. मग सीईटी. पावसाळ्यात कॅप राउंडच्या, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांच्या, याद्या लागतात, आणि ठाण्यातले बेडेकर की थेट चर्चगेटचे जमनालाल बजाज, हा प्रश्न कुटुंबात गांभीर्याने चर्चिला जातो; बजाजला ९९.९ च्या आसपासही खात्री नसते आणि आपले ९३ आहेत, ही बाब चर्चेत अखेरपर्यंत येत नाही. ऑगस्टमध्ये कॅटचे फॉर्म सुटतात. गणपतीत आलेला प्रत्येक पाहुणा आरतीनंतर ‘मग, पुढे काय?’ विचारतो, त्याला उत्तर हवे म्हणून फॉर्म भरला जातो. सप्टेंबरात मॉक, म्हणजे सराव परीक्षा, सुरू होतात. ऑक्टोबरात मॉकचे निकाल पाहणे थांबते. दिवाळीच्या पहाटे अख्खी डोंबिवली नटूनथटून फडके रोडवर लोटते तेव्हा पुनर्परीक्षार्थी ‘मला मॉक आहे’ म्हणून घरी थांबतो आणि साडेदहापर्यंत झोपतो. मग नोव्हेंबर.

एवढे होऊनही ही प्रथा टिकून आहे, कारण तिच्यावर बऱ्याच जणांचे पोट भरते आणि बाकीच्यांची सोय होते. क्लासवाल्यांकडे रिपीटरांसाठी वेगळी बॅच आणि वेगळी सवलत असते; गेल्या वर्षी आम्ही शिकवलेले तुम्हाला आले नाही, या कबुलीवर सवलत देणारा दुसरा धंदा शोधूनही सापडणार नाही. अभ्यासिकांच्या खुर्च्या महिनेवारीने जातात, त्यातही पंख्याखालच्या आधी. कंपनीत प्रमोशन हुकले तर ‘मी तसाही एमबीएला जाणार आहे’ म्हणता येते. सर्वांत मोठी सोय लग्नाच्या बाजारात. विवाह मंडळाच्या फॉर्मवर शिक्षणापुढे ‘बी.ई., एमबीएची तयारी’ असे लिहिले की पगाराचा रकाना तात्पुरता मानला जातो, आणि मुलीच्या बाबतीत तर ‘कॅट होऊ दे, मग बघू’ या वाक्याने दोन-दोन वर्षे स्थळे दारातूनच परत गेली आहेत. पुनर्परीक्षेचा आजवरचा सर्वांत खात्रीशीर फायदा तो हाच. पर्सेंटाइल त्यानंतर येतो.

वर्ष सोडून घरी बसलेल्याला मात्र मुलाखतीत हिशेब द्यावा लागतो. ‘या वर्षात काय केलंत?’ हा पहिला प्रश्न असतो आणि ‘तयारी’ हे उत्तर ऐकून समोरचे प्राध्यापक पाण्याचा ग्लास उचलतात. दुसरी अडचण त्याहून जुनी. अहमदाबाद आणि बंगळूरसारख्या आयआयएम निवड करताना दहावी-बारावीचेही गुण धरतात. कॅट कितीही वेळा देता येते, दहावी नाही. डोंबिवलीतल्या एखाद्या इंजिनिअरला तिसऱ्या कॅटनंतर कळते की त्याचा खरा अडथळा पंधराव्या वर्षी भूगोलाच्या पेपरात, नकाशा रंगवताना, निर्माण झाला होता.

२०२३ मध्ये पवईची निटी ही संस्था आयआयएम मुंबई झाली आणि या पट्ट्यातल्या आयांना नवी उमेद आली. ठाण्याहून पवई ती किती लांब, रोज घरून डबा नेता येईल, असा त्यांचा हिशेब असतो. संस्था निवासी आहे आणि पूर्वीही प्रवेश कॅटवरच होता, हे सांगून उपयोग होत नाही.

कॅटला वयाची अट नाही आणि किती वेळा द्यावी यालाही मर्यादा नाही, त्यामुळे पुनर्परीक्षा स्वतःहून संपत नाही. ती बाहेरून थांबवावी लागते. काहींची प्रवेशाने थांबते. दोन वर्षे आणि शिक्षणकर्जाचा डोंगर पार करून त्यांतले बरेच जण ऐरोलीच्या त्याच संकुलात, पूर्वीच्या कंपनीच्या वरच्या मजल्यावर, रुजू होतात. काहींची लग्नाने थांबते, काहींची ऑनसाइटने. क्वचित एखाद्याचा पर्सेंटाइल चौथ्या खेपेला खरोखर ९९ वर जातो, पण तोवर घराचा हप्ता चालू झालेला असतो आणि नोकरी सोडता येत नाही. असा उमेदवार वाया जात नाही. क्लासवाले त्याचा फोटो बॅनरवर लावतात आणि त्यालाच शनिवार-रविवारच्या रिपीटर बॅचला शिकवायला बोलावतात. नोव्हेंबरात तो पुन्हा परीक्षेला बसतो, आता व्यवसायाची गरज म्हणून.