गोधडीची जिजी

एप्रिलच्या दुपारी धावड्याच्या कोणत्याही गल्लीत शिरा. एखाद्या ओसरीवर, नाहीतर लिंबाच्या सावलीत गोधडी पसरलेली असते, तिच्या चारी बाजूंनी बाया बसलेल्या असतात आणि त्यांच्यात एक जिजी असते. गोधडी कोणाची, हे विचारावं लागतं. जिजी कोणती, हे विचारावं लागत नाही. सगळ्यांत कमी शिवते आणि सगळ्यांत जास्त सांगते, ती जिजी.

अजिंठ्याकडून बुलढाण्याला जाणाऱ्या रस्त्यावरचं हे गाव जालना जिल्ह्यातल्या भोकरदन तालुक्यात येतं, आणि हा सगळा पट्टा मिरचीचा. मिरची तोडायला आली की बाईला डोक्यावरचा पदर सावरायची फुरसत मिळत नाही. पण हरभरा-गहू घरात आलेला आणि मिरची अजून रोपात, अशी मधे एक सवड सापडते. त्यातच आखाजी येते. आखाजीला माहेरवाशिणी येतात. त्यांच्या पिशवीत नेसायच्या साड्या दोन आणि फाटक्या सहा.

जिजीला आवतण लागत नाही. सकाळी कोणाच्या दोरीवर धुतलेलं जुनं लुगडं दिसलं की तिचं दुपारचं ठरतं. जेवण उरकलं, भांडी सुनेच्या हवाली केली, की बोटात अंगुस्तान घालून ती हजर. ते अंगुस्तान इतक्या उन्हाळ्यांनंतरही नव्यासारखं चकाकतं, यातच काय ते आलं.

बसायच्या आधी पाहणी होते. लुगडं उजेडात धरायचं, दोन बोटांत चोळायचं. सुती असेल तर जिजी गप्प बसते; ही तिची शाबासकी. नायलॉन निघालं तर मात्र खैर नाही. "हे घालशील तर रातच्याला गोधडी अंगावरून उतरून दारात जाऊन बसंल, पोरी." मग खाली एक लुगडं, मधे विटलेली धोतरं आणि पोरांचे आखूड झालेले गणवेश, वर दुसरं लुगडं, चार कोपऱ्यांवर चार दगड. सुरकुत्या काढून कच्चे टाके पडले की बाया कडेकडेनं बसतात आणि दोरे घालत घालत आत सरकायला लागतात.

इथून जिजीचं खरं काम सुरू होतं. नव्या सुनेचा लांब टाका तिला गुडघ्यावर हात ठेवून उठल्याशिवायही दिसतो. "काय वं, हे दोरे घातले का पेरणी केली? या टाक्यात पोराचा अंगठा अडकंल." सून उसवते. सुईत दोरा ओवायला एक पोरगं धरून आणलेलं असतं. त्याला सारखं पळावंसं वाटतं आणि जिजी त्याला दर चार सुयांमागं एक गुळाचा खडा देऊन बसवून ठेवते. खडा अर्थातच यजमानिणीच्या डब्यातला.

आणि तुकड्यांची वंशावळ! एखादी निळी चिंधी हातात आली की जिजी डोळे बारीक करते. "ही तुझ्या सासूची. भोकरदन औरंगाबादेत होतं तव्हाची." जालना जिल्हा झाला 1 मे 1981 रोजी, म्हणजे ती चिंधी जिल्ह्याहून थोर. शेजारीच बसलेली सासू म्हणते, माझ्याकडं निळं कधी नव्हतंच. पण अशा बाबतीत जिजी मालकिणीचं ऐकत नाही.

जगात इतरत्र हे किती थाटानं चालतं ते मी एकदा जिजीला सांगायला गेलो. अमेरिकेत ह्यूस्टन शहरात दरवर्षी गोधड्यांचं मोठं प्रदर्शन भरतं, चेन्नईत 2019 साली तसलंच एक भरलं होतं, आणि तिकडच्या बाया यंत्रं गाडीत घालून चार-चार दिवस मुक्कामाला जातात, फक्त शिवायला. जिजीला मुक्काम एकदम पटला. "सैपाक कोण करतं?" करणारे दुसरे असतात म्हटल्यावर तिनं त्या देशाला मनोमन पास केलं. पण प्रदर्शनात गोधडीला हात लावू देत नाहीत, उलटी बाजू बघायची तर पांढरे हातमोजे घातलेली बाई ती उचलून दाखवते, हे ऐकून ती हसत सुटली. "हातमोजे? मंग पोरगं मुतल्यावर काय घालतात?"

तिचं स्वतःचं प्रदर्शन बारमाही चालू असतं. ज्या घरी घडवंचीवर गोधड्यांच्या घड्या रचलेल्या असतात, तिथं ती विरजणाची वाटी घेऊन जाते. विरजण निघेपर्यंत हळदीच्या हातानंच तिसरी-चौथी घडी उलटून मागचे टाके बघून होतात. संध्याकाळपर्यंत निकाल गल्लीभर. अशी परीक्षक ह्यूस्टनलाही मिळायची नाही. मिळाली तरी तिथल्या बायांना झेपायची नाही.

एक गोष्ट मात्र माझ्या बऱ्याच उशिरा ध्यानात आली. गोधडी कडेपासून आत शिवत जातात. सुरुवातीला आठजणी बसतात, पुढं जागा आकसते, चौघी उरतात, मग दोघी. शेवटच्या दीड वितीत एकीच्याच हाताला वाव. नेमकी तेव्हा जिजी अंगुस्तान काढते. "घे वं माय, आता तुझं तू उरकून घे," म्हणून पदर झटकून उठते आणि पुढच्या गल्लीत कोणाचं लुगडं वाळतंय ते बघायला निघते. एकटीनं बसून दोरे घालणं तिच्या स्वभावातच नाही.

त्यामुळं गावातल्या यच्चयावत गोधड्या पुऱ्या झाल्या, एक सोडून. जिजीची स्वतःची. तिच्या कडा बघाव्यात: काय ते बारीक, सरळ दोरे! प्रत्येक बाजूला वेगळा हात ओळखू येतो. मधे मात्र दीड वीत मोकळी, आणि आतली धोतरं सरकून सरकून तिथं चांगला गोळा झालेला. सुनेनं दोनदा मशीनवर मारून आणते म्हणून पाहिलं. जिजीनं गोधडी अंगाखालून काढू दिली नाही. नातू रोज रात्री कुरकुरतो, की मधी टोचतं, झोप येत नाही.

"मंग कडंला झोप ना बाप्पा," जिजी कूस बदलत म्हणते, "कडंला समद्या गल्लीचे टाके हायेत."