घर पाहावं डांबर पाहून

पुण्याहून अमेरिकेत गेलेलं एक जोडपं घर शोधायला निघालं. बायकोच्या यादीत शाळा, देऊळ आणि ताजी मेथी मिळणारं दुकान होतं. नवऱ्याच्या यादीत एकच ओळ: डांबर, भरपूर, मध्ये दिव्याचे खांब नसलेलं.

कारण त्याला ऑटोक्रॉसचं वेड. आपल्याकडे या नावाने बहुधा मातीत गाड्या पळवतात. तिकडे मोठ्या पार्किंगमध्ये नारिंगी शंकू मांडून नागमोडी वाट आखतात आणि एकेक गाडी घड्याळाशी झुंजते. फेरी साधारण मिनिटभराची. शंकू आडवा झाला किंवा भोवती आखलेल्या चौकोनातून पूर्ण बाहेर गेला की वेळेत 2 सेकंद वाढतात. रेघेवर कसाबसा उभा राहिला तर माफ. दिवसाला चार-सहा फेऱ्या, म्हणजे गाडी चालवायची पाच मिनिटं आणि बाकी वेळ उन्हात उभं राहून दुसऱ्यांनी पाडलेले शंकू पळत जाऊन उचलायचे. यासाठी माणसं पहाटे उठून पैसे भरतात.

पहिला मुक्काम अर्थातच दक्षिण कॅलिफोर्निया. बारा महिने ऊन, बर्फ नाही. पण तिथलं डांबर महाग असतं, आणि महाग जमीन फार काळ मोकळी राहत नाही. एल टोरोचा मरीन सैनिकांचा हवाई तळ 1999 मध्ये बंद झाला. एकेकाळी तिथे शंकू मांडले जात, आता बंगले उभे आहेत. सॅन डिएगोच्या जुन्या स्टेडियमचं अवाढव्य पार्किंग स्टेडियमसकट गेलं. फॉन्टानाचा रेसट्रॅकही 2023 मध्ये पाडायला घेतला. नवरा प्रत्येक ठिकाणी सुतकी चेहऱ्याने उभा राहिला. बायकोने घरांच्या किमती ऐकल्या आणि तिचाही चेहरा तसाच झाला. लग्नानंतर एवढं एकमत पहिल्यांदाच.

मग मिशिगन. गाड्यांचंच राज्य, पार्किंगला तोटा नाही. मात्र हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, आणि मीठ बर्फाइतक्याच आवडीने जुन्या गाडीचा पत्रा खातं. नवऱ्याची गाडी म्हणजे माझदा मियाटा, 1989 पासून निघणारी, या खेळातली लाडकी. आसनं दोनच. ‘‘आणि मुलाला कुठे बसवायचं?’’ या प्रश्नावर तो सस्पेन्शनबद्दल बोलू लागला.

शेवटी नेब्रास्का. पर्यटक जिथे फक्त पेट्रोल भरायला थांबतात, त्या राज्यातलं लिंकन हे या मंडळींचं पंढरपूर. शीतयुद्धातला तिथला बॉम्बर विमानांचा तळ 1966 मध्ये बंद झाला. काँक्रीटचं ते अफाट पटांगण मात्र उरलं. स्पोर्ट्स कार क्लब ऑफ अमेरिकाची राष्ट्रीय ऑटोक्रॉस स्पर्धा 1973 मध्ये सुरू झाली, ती 2009 पासून इथे भरू लागली. सप्टेंबरात हजारावर स्पर्धक देशभरातून गाड्या घेऊन येतात. नवऱ्याने वाकून काँक्रीटवर तळवा टेकवला. घरं दाखवणाऱ्या एजंटला वाटलं, किल्ली पडली असेल.

अखेर तोडगा निघाला: ओमाहा. लिंकनपासून ऐंशी-नव्वद किलोमीटर, गावात देऊळ आहे, घराची किंमत ऐकून घाम फुटत नाही. बर्फ आहे, मीठही आहे. ते त्याने मुकाट्याने गिळलं.

घराला दोन गाड्यांचं गॅरेज आहे. एका बाजूला मियाटा असते, दुसऱ्या बाजूला शर्यतीचे टायर, जॅक आणि शंकूंची चळत. बायकोची गाडी बाहेर. पहिल्या बर्फानंतर सकाळी ती काच खरवडायला बाहेर आली आणि आत जाऊन तिने टायर मोजले. आठ निघाले. वाटाघाटी अजून चालू आहेत.