तासाचे सर

जून संपत आला की आमच्या सावनेरात दोन चौकश्या सुरू होतात. पेरणीजोगा पाऊस झाला काय, आणि कॉम्प्युटरचे सर भेटले काय. पावसाचं आभाळाकडे पाहून काहीतरी सांगता येतं. सरांसाठी पेपरात जाहिरात द्यावी लागते.

ही जाहिरात मी इतक्या वर्षांत इतक्यांदा वाचली आहे की पाठ झाली आहे. बीसीए, बीसीसीए व बी.एस्सी. करिता सहायक प्राध्यापक (कॉम्प्युटर) पाहिजेत, तासिका तत्त्वावर. अर्हता यूजीसी, शासन व विद्यापीठाच्या नियमाप्रमाणे. मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने हजर राहावे. बाकीचे शब्द दरवर्षी थोडे मागेपुढे होतात. ‘स्वखर्चाने’ मात्र कंपोझिटरच्याही चुकीनं कधी गळलेला नाही.

२०२४ च्या जूनअखेरीस आसपासच्या एका कॉलेजानं मला मुलाखतीच्या पॅनेलवर बोलावलं. कॉलेजाचं नाव सांगत नाही, त्यांना पुन्हा जाहिरात द्यायची असते. माझी निवड कशी झाली ते मला अजून कळलेलं नाही. मी मराठीचा. ज्ञानेश्वरांपासून मर्ढेकरांपर्यंत सगळ्यांना एका सत्रात बसवण्यात जन्म गेला. दुपारचा मोकळा असतो, चहाला नाही म्हणत नाही आणि सही सरळ करतो, एवढ्यावर भागलं असावं.

अगदीच अडाणी नाही मी. माझ्याकडे एमएस-सीआयटीचं प्रमाणपत्र आहे. २००२ साली हा कोर्स निघाला, आणि वेतनवाढ अडू नये म्हणून अख्ख्या महाराष्ट्रानं चष्मे पुसून माऊस हातात धरला. मीही धरला. शिकवणारी पोरगी माझीच विद्यार्थिनी. ती मला ‘सर, डबल क्लिक, डबल’ म्हणायची, आणि मी पहिल्या आणि दुसऱ्या क्लिकच्या मधे एक निःश्वास टाकायचो, त्यामुळे काही उघडायचं नाही.

तर पॅनेल. मधल्या खुर्चीत संस्थेचे अध्यक्ष, ज्यांची काटोल रोडला संत्र्याची बाग आहे. त्यांच्या उजव्या हाताला प्राणिशास्त्राचे प्राचार्य. डाव्या हाताला मी. चौथी खुर्ची विषयतज्ज्ञांची, ती रिकामी. ते नागपूरहून निघाले होते. शिपाई दर दहा मिनिटांनी येऊन त्यांचा ठावठिकाणा सांगायचा. ‘सर, साहेब आता कोराडीले आहेत म्हणते.’ ‘सर, पाटणसावंगीपर्यंत येऊन राह्यले म्हणते.’ बाहेर बाकावर तीन उमेदवार मांडीवर फायली घेऊन बसलेले, आणि आत संत्री, बेडूक आणि मराठी असे आम्ही तिघं.

वाट पाहता पाहता माझं लक्ष अर्हतेच्या कागदावर गेलं. पदव्युत्तर पदवीला ५५ टक्के, वर नेट किंवा सेट, नाहीतर पीएच.डी. नेटच्या यादीत कॉम्प्युटरचा नंबर ८७. सेट पुणे विद्यापीठ घेतं, महाराष्ट्र आणि गोव्यासाठी. आणि मला एकदम गडकरी आठवले. सावनेरच्या माणसाला ते कुठेही आठवतात. २३ जानेवारी १९१९ ला ते इथेच गेले, तेहतिसाव्या वर्षी. मृत्यूच्या जरा आधी ‘भावबंधन’चा शेवटचा अंक हातावेगळा केला होता म्हणतात. हा माणूस फर्ग्युसनमध्ये पहिल्याच वर्षी गणितात नापास झाला आणि कॉलेज सोडून शाळामास्तर झाला. पुढे नाटक कंपनीतल्या पोरांनाही शिकवलं. आमच्या कागदाप्रमाणे राम गणेश गडकरी पहिल्याच चाळणीत गळतात. मराठीला नेट नाही म्हणून आणि कॉम्प्युटरला गणित नाही म्हणून. मी हे प्राचार्यांना सांगितलं. ते म्हणाले, ‘नाटकाचे पॉइंट पकडता येतील का, ते नियमात पाहावं लागेल.’

शेवटी अध्यक्षांना राहवेना. ‘बोलवा ना एकेकाले. तोवर आपण विचारू.’

पहिली एक मुलगी आली. वय पंचवीस-सव्वीस. खापरखेड्याची, वडील पॉवर हाऊसमध्ये. एमसीए, नेट पास. अध्यक्षांनी घसा साफ केला आणि महाराष्ट्रातल्या प्रत्येक बिगरतांत्रिक माणसाच्या भात्यात असतो तो बाण काढला. ‘संगणकाचा जनक कोण?’

‘चार्ल्स बॅबेज.’

अध्यक्षांनी समाधानानं मान डोलावली. बॅबेज मला थोडा ठाऊक आहे. केंब्रिजात १८२८ ते १८३९ अशी अकरा वर्षं तो गणिताच्या मोठ्या मानाच्या आसनावर होता, न्यूटन बसायचा त्याच. आणि त्या अकरा वर्षांत त्यानं एकही व्याख्यान दिलं नाही असं सांगतात. ज्या यंत्रासाठी त्याला जनक म्हणतात तेही त्याच्या हातून पुरं झालं नाही. तासिका तत्त्वावर असता तर अकरा वर्षांचं बिल शून्य. आणि त्याच्या पोराबाळांना, म्हणजे या मुलीला, आम्ही विचारणार होतो की आठवड्याचे किती तास घेशील.

‘बरं, परम कोणी बनवला?’ अध्यक्षांचा दुसरा बाण.

‘विजय भटकर सर.’

‘आपल्या इकडचे!’ अध्यक्ष आमच्याकडे वळून म्हणाले, जणू भटकरांना त्यांनीच ऑर्डर दिली होती. तसं खरंच आहे ते. अकोला जिल्ह्यातलं मुरंबा हे गाव, शिक्षण नागपूरच्या व्हीआरसीईत, आणि १९९१ साली पुण्यात परम ८००० उभा राहिला. पण भात्यातले बाण संपले. आता खोलीत फक्त पंखा बोलत होता.

नशिबानं तेवढ्यात विषयतज्ज्ञ आले. घामाघूम. पाणी प्यायले, दोन अवघड शब्द टाकले, आणि म्हणाले, ‘डेमो घ्या. अ‍ॅरे शिकवा. समोर पहिल्या वर्षाची मुलं आहेत समजा.’ आम्ही तिघं पहिल्या वर्षाची मुलं झालो. मला ते काही अवघड गेलं नाही.

मुलीनं खडू घेतला. फळ्यावर डाव्या टोकाला एक खांब काढला, शेजारी उधळलेला घोडा काढायचा प्रयत्न केला, तो बकरीसारखा झाला म्हणून पुसला. ‘हा नागपूरचा झिरो माइल. सगळे पाहिलेत?’ आम्ही हो म्हणालो. मग तिनं खांबापासून उजवीकडे एक रेघ ओढली आणि रेघेवर घरं काढली, एकाला एक लागून. ‘समजा, अंतर या खांबापासून मोजायचं. खांबालाच खेटून जे घर आहे, ते किती अंतरावर?’

कोणी बोलेना. मी म्हणालो, ‘शून्य.’

‘बरोबर, सर. त्याच्या पलीकडचं?’

‘एक घर सोडून. एक.’

‘म्हणून पहिल्या घराचा नंबर शून्य. मुलं दरवर्षी विचारतात, कॉम्प्युटर शून्यापासून का मोजतो, वेडा आहे का. तो मोजतच नाही. तो अंतर सांगतो. सुरुवातीपासून किती पावलं चालायचं, तेवढंच.’

मला अंगावर काटा आला हे लिहिताना थोडं लाजल्यासारखं होतं, पण आला. माझ्या एमएस-सीआयटीच्या प्रमाणपत्राला तोवर बावीस वर्षं होत आली होती. त्या बावीस वर्षांत मला कॉम्प्युटर हे एक हुशार पण तिरसट जावई वाटत आले होते, कारण न विचारता त्यांची मर्जी सांभाळायची. आज पहिल्यांदा त्यांच्या एका सवयीचं कारण कळलं. ते सांगायला खडू पुरला, वीजही लागली नाही.

प्राचार्य म्हणाले, ‘छान.’ विषयतज्ज्ञांनी घड्याळ पाहिलं. अध्यक्षांनी मात्र शेतकऱ्याला पडतो तो खरा प्रश्न विचारला. ‘बेटा, टिकशील किती दिवस?’

ती शांतपणे म्हणाली, ‘सर, ऑर्डर किती दिवसांची आहे?’

प्राचार्यांनी पंखा एकनं वाढवला.

दुसऱ्या उमेदवाराचं फार लिहिण्यासारखं नाही. त्याला बँकेची परीक्षा द्यायची होती आणि तोवर ‘टाइम काढायचा’ होता, हे त्यानं इतक्या सरळपणे सांगितलं की आम्हीच ओशाळलो.

तिसरा पस्तिशीला टेकलेला. त्याची फाईल कापडी पिशवीत होती, कारण प्लॅस्टिकच्या फोल्डरात मावत नव्हती. सहा कॉलेजांचे अनुभवाचे दाखले. नागपूरकडे अशा सरांना ‘कॉन्ट्रिब्युटरी’ म्हणायची रीत आहे. या शब्दात थोडं वर्गणी दिल्यासारखं येतं, ते अगदीच चुकीचं नाही. सकाळी एका गावी, दुपारी कळमेश्वरला, संध्याकाळी नागपुरात शिकवणी, असं त्याचं वेळापत्रक. सगळं बाईकवर. आठवडाभर तीन ठिकाणचे तास जोडले तर पूर्णवेळ प्राध्यापकाच्या नियमातल्या सोळांपेक्षा ते जास्त भरत होते. फक्त बेरीज कोणी एका ठिकाणी करत नव्हतं.

‘नेट?’ विषयतज्ज्ञांनी विचारलं.

‘दिली होती सर, आत्ताच. अठरा जूनला.’

आम्ही सगळ्यांनी खाली पाहिलं. १८ जूनला देशभर नऊ लाखांवर लोकांनी ती परीक्षा दिली आणि १९ ला सरकारनं ती रद्द केली. ‘पेपर चांगला गेला होता,’ तो म्हणाला. हे तो तक्रार म्हणून म्हणाला नाही. हवापाण्याचं बोलावं तसं म्हणाला.

डेमोसाठी त्यानं पिशवीतून लॅपटॉप काढला. झाकणाच्या कोपऱ्यात कुण्या कंपनीचं स्टिकर नखानं अर्धं खरवडलेलं. उघडल्यावर निळा पडदा आला, टर्बो सी. विषयतज्ज्ञ दचकले. ‘अजून हेच?’

‘लॅबमध्ये हेच चालते ना सर. मुलांच्या परीक्षेत यावरच प्रात्यक्षिक.’

अभ्यासक्रमात पायथन आला आहे, हे मलाही पेपरात वाचून माहीत होतं. पण बोर्लंड कंपनीनं १९८७ साली काढलेली ती निळी खिडकी आमच्याकडच्या लॅबमधून हलायला तयार नाही. शिकवणारा सर तिच्यापेक्षा वयानं लहान, शिकणारी पोरं तर तिच्या नातवंडांच्या वयाची. सरांनी प्रोग्रॅमच्या पहिल्याच ओळीत पडदा पुसायची आज्ञा लिहिली. ‘हे म्हणजे पाटी पुसणं,’ ते आम्हाला म्हणाले. शेवटच्या ओळीत यंत्राला थांबवून ठेवायची आज्ञा, नाहीतर उत्तर आलं की पडदा झपकन नाहीसा होतो. ‘हे म्हणजे, थांब जरा, पोरांना पाहू दे.’ शेवटची ओळ सांगताना त्यांचा आवाज मऊ झाला. ती आज्ञा त्यांनी हजारो वेळा लिहिली असेल.

मी न राहवून विचारलं, लॅपटॉप नवीन घेतलात?

‘नाही सर. विद्यार्थ्यानं दिला. पुण्याला आहे तो, हिंजवडीत. कंपनीनं नवीन दिला त्याला, तर म्हणाला, सर, जुना तुम्हाला राहू द्या.’

कॉम्प्युटर सोडला तर दुसऱ्या कोणत्या विषयात हे इतक्या लवकर घडतं, मला ठाऊक नाही. माझे विद्यार्थी माझ्यापेक्षा जास्त कमवायला लागले तेव्हा मी निवृत्तीच्या वाटेवर होतो. त्यातले बरेचसे मराठी सोडल्यामुळे. इथे पोरगं पदवी घेऊन निघतं, आणि पहिल्याच पगाराला सरांच्या पुढे जातं. सर मात्र पुढच्या जूनला पुन्हा पहिल्या घराजवळ. नव्यानं ऑर्डर, नव्यानं अर्ज, नव्यानं स्वखर्च.

पैशाचंही बोलायला हवं, कारण पॅनेलवर ते कोणी बोललं नाही. कायम सहायक प्राध्यापकाचं मूळ वेतन ५७,७०० रुपयांनी सुरू होतं, भत्ते वेगळे. पाहुण्या अध्यापकाला तासाला १५०० रुपये, महिन्याला जास्तीत जास्त ५०,००० द्यावेत असं यूजीसीनं २०१९ मध्ये सांगितलं. आकडा दिल्लीहून निघाला तेव्हा बरा होता. विनाअनुदानित अभ्यासक्रमाच्या दारापर्यंत येईतो तो प्रवासात अर्धा कुठे उतरतो, कुठल्या स्टेशनवर चहा पितो, देव जाणे. आणि कॉम्प्युटर बहुतेक ठिकाणी विनाअनुदानित. फिया येतील तेव्हा सरांचं बिल निघेल. त्या वर्षी बीसीए एआयसीटीईच्या ताब्यात गेलं आणि प्रवेशाला सीईटी आली. ती परीक्षा द्यायची असते हेच कित्येक घरांत वेळेवर कळलं नाही, आणि राज्याला ती उन्हाळ्यानंतर पावसाळ्यात पुन्हा घ्यावी लागली. म्हणजे जूनमध्ये आम्ही ज्यांना निवडत होतो त्यांच्याकडे शिकायला मुलं येणार किती, हेही आभाळाकडे पाहूनच सांगायचं होतं.

तिघं गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, ‘त्या पोरीले घ्या. मले समजलं.’ विषयतज्ज्ञ म्हणाले, अनुभव त्या सरांचा जास्त आहे. प्राचार्यांनी कागदावर सोळा लिहिले, मधे रेघ मारली, नऊ आणि सात केले. दोघांनाही घेतलं. कलमाला फांदी जोडतात तसं एका जागेवर दोन माणसं जोडली, आणि अध्यक्षांना बागेमुळे ते सवयीचं होतं. मी सरळ सही केली. शिपायानं आलू बोंडे आणले.

दिवाळीच्या आधी कॉलेजच्या क्लार्कचा फोन आला. ‘सर, सोमवारी रिकामे आहा काय? कॉम्प्युटरचे इंटरव्ह्यू आहेत.’

‘आत्ता? मधेच?’

‘मॅडम गेल्या ना पुण्याला. कंपनीत लागल्या.’

‘मग त्यांचे तास?’

‘तेच सर घेऊन राह्यले. नऊ अन् सात, सोळाही. बिल सातचंच लावतो मी, मंजुरी नाही ना बाकीची.’ मग जरा थांबून, ‘बाकी मॅडम चांगल्या आहेत बरं सर. झिरो माइलवालं पोरांना पुन्हा एकदा सांगून द्या म्हणून आपल्या सरांनी फोन केला होता. सुट्टीत येतो म्हणाल्या. अध्यक्षांनी पत्र काढायले सांगितलं, गेस्ट लेक्चरचं. मानधनाच्या जागी काय लिहू विचारलं मी मॅडमले.’

‘काय म्हणाल्या?’

‘म्हणाल्या, जाहिरातीत असते तेच लिहा.’