सुरमई नाही म्हणणारं हॉटेल

मुंबईहून मालवणला मोटारीनं जायचं म्हणजे पाचशेच्या आसपास किलोमीटर. वाटेत पेण, माणगाव, चिपळूण, कणकवली ही गावं आणि त्यांच्या अधेमधे २०११ पासून चौपदरी होत असलेला महामार्ग. एवढं सगळं मणक्यात साठवून पर्यटक कसालला उजवीकडे वळतो, मालवण गाठतो आणि रात्री एखाद्या नव्या, मंद दिव्यांच्या हॉटेलात जेवायला बसतो. मेन्यूकार्डाच्या पहिल्याच ओळीत त्याला अभिमानानं सांगितलेलं असतं, की इथला प्रत्येक जिन्नस पंचक्रोशीतलाच आहे. तांदूळ शेजारच्या वाडीतला, नारळ मागच्या परसातला आणि कोंबडीची तर फक्त जन्मपत्रिका जोडायची राहिलेली. पर्यटक हे वाचून गहिवरतो. पृथ्वीचं आपण काहीतरी भलं करतो आहोत, अशी भावना त्याच्या पोटात भुकेच्या जोडीनं उत्पन्न होते. जेवण पाच किलोमीटरवरून आलं आणि जेवणारा पाचशेवरून, हा हिशेब मात्र बिलात येत नाही.

तो करून पाहायला हरकत नाही. जाऊन-येऊन हजार किलोमीटर, लिटरला पंधराचा अ‍ॅव्हरेज धरला तर साधारण ६६ लिटर पेट्रोल आणि धुराड्यातून दीडशे किलो कार्बन डायऑक्साइड. एवढा धूर करून खाल्लेला वाडीतला भात पृथ्वीला फारसा पचत नसावा. उलट बाजूनंही हीच गोष्ट दिसते. कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या वेबर आणि मॅथ्यूज या दोघांनी २००८ मध्ये अमेरिकी कुटुंबाच्या अन्नाचा असाच हिशेब मांडला. उत्पादकापासून दुकानापर्यंतच्या वाहतुकीचा वाटा निघाला अन्नाच्या एकूण हरितगृह वायूंपैकी अवघा ४ टक्के. मोठा भाग, ८३ टक्के, पिकवण्या-पोसण्यातच खर्ची पडतो. तेव्हा स्थानिक जेवणाची बाजू लढवायची असेल, तर किलोमीटरचा मुद्दा वकिलानं घरीच ठेवून यावा.

दुसरा प्रचलित मुद्दा शुद्धतेचा. हे अस्सल, इथलंच, परंपरेनं चालत आलेलं, वगैरे. ताटाची जबानी घेतली तर हा मुद्दाही डळमळतो. मालवणी मसाल्यातली मिरची अमेरिका खंडातून पोर्तुगीजांच्या गलबतातून आली आणि आजही ती पुष्कळदा घाटापलीकडच्या ब्याडगीहून येते. चक्रीफूल चीन-व्हिएतनामकडचं, धणे राजस्थान-मध्य प्रदेशाकडचे. काजूचं झाड ब्राझीलचं. त्यानं कोकणात इतकं बस्तान बसवलं, की वेंगुर्ल्याच्या काजूला भौगोलिक मानांकन मिळालं. पण देशातले कारखाने बरीचशी कच्ची बी आफ्रिकेतून आणतात, त्यामुळे उसळीतला काजूगर नक्की कुठल्या समुद्राकाठी पिकला हे त्याचं त्यालाच माहीत. कोळंबीची चौकशी तर करूच नये. तळ्यांतून वाढवतात ती वनामी कोळंबी मूळची लॅटिन अमेरिकेच्या पॅसिफिक किनाऱ्याची, आपल्याकडे तिला परवानगी मिळाली २००९ मध्ये. म्हणजे ती मालवणी होऊन अजून धड एक पिढी झाली नाही. ताटातलं निर्विवाद इथलं काय, तर कोकम, फणस, तिरफळ आणि वाढणाऱ्याचा आवाज.

यावर एक चतुर आक्षेप ठरलेला असतो : मग स्थानिक असं काही नसतंच, सगळी जाहिरातबाजी! हे मला पटत नाही. चारशे वर्षं एका जागी राहून तिथल्या पावसात भिजलेल्या झाडाला उपरं म्हणायचं ठरवलं, तर मालवणातल्या किती घराण्यांना बाहेर काढावं लागेल याचा विचार करावा. कूळ कुठलं, हा प्रश्नच चुकीचा आहे. स्वयंपाकघर कोणाचं ऐकतं, हा खरा प्रश्न. त्या ऋतूचं, त्या समुद्राचं ऐकत असेल तर ते स्थानिक. गिऱ्हाइकाचं ऐकत असेल तर ते नुसतं चवदार. आणि याची परीक्षा मेन्यूकार्डावर काय आहे त्यावरून होत नाही, त्या दिवशी काय नाही त्यावरून होते.

ही परीक्षा घ्यायला उत्तम महिना जुलै. पश्चिम किनाऱ्यावर यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै असे ६१ दिवस मासेमारीची बंदी असते, माशांना वंश वाढवायला जरा सवड मिळावी म्हणून. बिनइंजिनाच्या पारंपरिक होड्यांना मुभा आहे, पण त्या दिवसांतला समुद्र पाहिला की मुभेचा उपयोग कितपत होत असेल ते कळतं. तरीही जुलैत हॉटेलात सुरमई असते. तळलेली, रसरशीत, हसऱ्या चेहऱ्यानं वाढलेली. ती येते कुठून? एक तर शीतगृहातून. नाहीतर पूर्व किनाऱ्यावरून; तिकडची बंदी १५ एप्रिल ते १४ जून, म्हणजे आपली दारं बंद होतात तेव्हा पंधरवड्यात तिकडची उघडतात. अशी बंगालच्या उपसागरात पोहलेली, बर्फाच्या पेटीत निजून आलेली सुरमई मालवणी मसाला फासून घेते आणि ‘आजची ताजी स्थानिक मासळी’ या मथळ्याखाली पडून राहते. तीही पर्यटकासारखीच लांबचा प्रवास करून आलेली. दोघांनी एकमेकांना सहानुभूती दाखवावी.

हॉटेलवाल्याचं म्हणणं इथं ऐकायला हवं, कारण ते खोटं नाही. माणूस पाचशे किलोमीटर हाडं खिळखिळी करून आला, आणि त्याला ‘मासे नाहीत’ सांगायचं? तो गुगलवर एक तारा देऊन निघून जाईल. हॉटेल चालवायचं की उपास घडवायचे? पण उपास कोणी सांगितला? जुलैत कोकण जितकं हिरवं असतं तितकं ते कधीच नसतं. टाकळा, कुरडू, भारंगी, फोडशी, अळू. उन्हाळ्यात राखून ठेवलेल्या फणसाच्या आठळ्या. शेतातल्या कुर्ल्या. सुका बांगडा, गोलमा. आणि कुळथाची पिठी. भात कापून झाल्यावर जमिनीत उरलेल्या ओलीवर येणारा कुळीथ, त्याचं पीठ, वर कोकम, बाजूला उकड्या तांदळाचा भात. मिरची वगळली तर या वाटीइतकं इथलं दुसरं काही नाही. नेमकी तीच मेन्यूकार्डावर क्वचित दिसते. कारण पिठी हे घरचं, पावसातलं, अडीअडचणीचं जेवण. ते पाहुण्याला वाढायचं म्हणजे यजमानाला ओशाळं वाटतं, आणि पाहुण्याला त्याचे पैसे द्यायचे म्हणजे फसल्यासारखं वाटतं.

कोपनहेगनच्या नोमाला हा संकोच नव्हता. २००३ मध्ये सुरू झालेलं हे हॉटेल, त्याच्या पुढच्याच वर्षी नॉर्डिक आचाऱ्यांनी आपल्याच मातीतलं खाण्याचा जाहीरनामा काढला. लिंबू तिथं पिकत नाही, तर आंबटपणासाठी त्यांनी ताटात मुंग्या ठेवल्या. जगभरचे खवय्ये विमानानं येऊन त्या चघळत राहिले. (बस्तरमध्ये लाल मुंग्यांची चटणी आठवडी बाजारात मिळते, तिच्यासाठी टेबल राखून ठेवावं लागत नाही.) २०१८ पासून नोमानं वर्षाचे तीन भाग केले : एका मोसमात समुद्रातलं, एकात भाज्या, एकात रानातलं आणि शिकारीचं. मोसम संपला की पदार्थ संपला. तिथली किंमत, तिथला थाट यांची थट्टा जरूर करावी, पण ‘आत्ता नाही’ हे वाक्य श्रीमंत गिऱ्हाइकालाही ऐकवता येतं, एवढं त्यांनी दाखवून दिलं. मालवणात तर हे नवं नाहीच. जुन्या खाणावळीत काय आहे ते बाई तोंडानं सांगत, आणि त्यात रापणीला जे लागलं असेल तेच असे : कधी बांगडे, कधी पेडवे, कधी नुसतीच सोलकढी. छापलेलं मेन्यूकार्ड आलं आणि समुद्राला वर्षभर हजेरी लावणं भाग पडलं.

तेव्हा जुलैत मालवणला जाणार असाल तर सुरमईचा भाव विचारू नका. पिठी आहे का, ते विचारा. असेल तर दोनदा मागून घ्या आणि सुरमईइतके पैसे कुरकुर न करता द्या. नसेल, आणि सुरमई मात्र असेल, तर खिशातलं पेन काढून मेन्यूकार्डावरची ती पहिली ओळ खोडायला मालकापुढे धरा.