सॉक्सलेट सर

कॉलेजच्या आवारातलं एखादं झुडूप रात्रीतून बोडकं झालं, तर आमचा माळी शेळीवर संशय घेत नाही. तो सरळ वनस्पतिशास्त्र विभागाच्या व्हरांड्यात जातो, जुन्या वर्तमानपत्रांवर सावलीत वाळत घातलेला आपला पाला ओळखतो आणि मुकाट परत येतो. तक्रार करण्यात अर्थ नसतो. केली की सर त्यालाच खुर्चीवर बसवतात आणि ‘स्थानिक माहितगार’ म्हणून त्याची मुलाखत घेतात.

असे सर तुमच्या तालुक्याच्या कॉलेजातही असतील. औषधी वनस्पतींवर संशोधन करणारा हा प्राणी महाराष्ट्रात कोणत्याही हवामानात तग धरतो. आमच्याकडच्या नमुन्याला पोरांनी ‘सॉक्सलेट सर’ नाव ठेवलं आहे. फ्रान्झ फॉन सॉक्सलेट यांनी १८७९ साली ते काचेचं उपकरण तयार केलं ते दुधातले स्निग्ध पदार्थ मोजायला. आमच्या सरांनी त्यातून दूध सोडून सगळं काढलं आहे.

उपकरण आहे मात्र देखणं. खाली चंबूत मेथॅनॉल तापतं, वाफ वर जाते, गार होऊन पाल्याच्या पुडीवर थेंब थेंब टपकते. मधली नळी काठोकाठ भरली की सगळा हिरवा द्रव भस्सकन खाली उतरतो. सर समोर स्टूल टाकून बसलेले असतात. ‘उतरला!’ म्हणतात आणि वहीत एक रेघ मारतात. वरच्या कंडेन्सरला नळाचं पाणी लागतं, आणि तो नळ आणि कॅन्टीनचा नळ एकाच टाकीवर. दुपारी दोनला तिथे भांडी घासायला काढली की इकडची धार आटते, आणि वाफ गार व्हायची सोडून थेट स्टाफरूमकडे येते. ते मेथॅनॉल आमच्या रसायनशास्त्र विभागातून उसनं नेलेलं असतं, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

पाला दळायला मिक्सर घरचा. घाणेरीचा पाला त्यात फिरला त्या दिवशी वहिनींनी तो सरांना कायमचा देऊन टाकला. नवा आणला, त्याला कपाटात कुलूप असतं.

अर्क निघाला की परीक्षा. आगरच्या थरावर जिवाणू पसरायचे, कॉर्क बोररने सहा मिलिमीटरची भोकं पाडायची, त्यात अर्क भरायचा आणि प्लेट रात्रभर इन्क्युबेटरमध्ये ठेवायची. भोकाभोवती जिवाणू वाढले नाहीत तर स्वच्छ वर्तुळ दिसतं. सकाळी ते मोजायचा मान सरांचा. चष्मा कपाळावर चढतो, पट्टी खिशातून निघते. वर्तुळ भोकासकट मोजायची रीतच आहे, पण सर पट्टीही किंचित तिरकी धरतात. ‘सोळा! लिही.’

शेजारी तुलनेला सिप्रोफ्लॉक्सासिनची चकती असते. ‘आपला पाला अँटिबायोटिकच्या तोडीस तोड आहे,’ असं सर जाहीर करतात. चकतीत औषध असतं ५ मायक्रोग्रॅम. सरांचा अर्क मिलिलिटरला १०० मिलिग्रॅम. भोकात ५० मायक्रोलिटर घातला म्हणजे आत गेला ५ मिलिग्रॅम. बरोबर हजारपट. एका पैलवानावर हजार माणसं सोडायची आणि कुस्ती बरोबरीत सुटली म्हणून पेढे वाटायचे! मी हा हिशेब त्यांना कागदावर मांडून दाखवला. सरांनी तो लक्षपूर्वक वाचला आणि म्हणाले, ‘पण आपला नैसर्गिक आहे ना.’

त्यानंतर अँटिऑक्सिडंट. डीपीपीएच नावाचं गर्द जांभळं रसायन असतं, अर्क घातला की ते पिवळट पडतं. किती पडलं ते ५१७ नॅनोमीटरला मोजायचं. आता या परीक्षेत नापास होणारा पाला शोधायलाच कष्ट पडतील. एकदा पोरांनी शिपायाने आणलेला चहा त्यात घातला, तर जांभळा रंग बघता बघता उडाला. सर रागावले नाहीत. त्यांनी शिपायाला चहाची पावडर कुठली ते विचारलं.

वर्गात सर टू यूयू यांची गोष्ट रंगवून सांगतात. मलेरियावर औषध शोधताना त्या चिनी बाईंनी आणि त्यांच्या गटाने किती पाले तपासले, किती वाया गेले, जुन्या ग्रंथात वनस्पती उकळायची नसून पाण्यात भिजवून पिळायची आहे हे वाचून त्यांनी उष्णता कशी टाळली, आणि १९७१ मध्ये १९१ क्रमांकाच्या अर्काने कसं यश दिलं. पुढे २०१५ चं नोबेल. सांगताना सरांचा आवाज खरोखर कापरा होतो. मग ते थोडं थांबतात आणि म्हणतात, ‘मला मात्र पहिल्याच नमुन्याला मिळतं.’

हे अक्षरशः खरं आहे. सरांच्या प्रयोगशाळेत आजवर एकही वनस्पती निकामी ठरलेली नाही. प्रत्येक पेपरच्या शेवटी ‘अधिक संशोधनाची गरज आहे’ असं असतं आणि सर ते अधिक संशोधन लगेच सुरू करतात, पुढच्या झाडावर.

मनसुख वाणी नंदुरबारचे, म्हणून त्यांचा फोटो सरांच्या टेबलावर काचेखाली आहे. अमेरिकेत मन्रो वॉल यांच्याबरोबर वाणींनी काय केलं, तर अर्काचे भाग पाडले, प्रत्येक भाग तपासला, निर्जीव भाग टाकून दिले, ज्यात जोर होता त्याचे पुन्हा भाग पाडले, आणि हे एकच शुद्ध द्रव्य हाती येईपर्यंत चालवलं. पॅसिफिक य्यू नावाच्या झाडाची साल १९६२ मध्ये गोळा झाली, टॅक्सॉलची रचना १९७१ मध्ये छापून आली, आणि कर्करोगावरचं औषध म्हणून मान्यता मिळाली १९९२ मध्ये. हे मी सरांना सांगितलं तेव्हा त्यांनी बोटं मोजली. ‘तीस वर्षं? अहो, मला निवृत्तीला चार राहिलीत. पीएच.डी.ची पोरं पाच आहेत.’

यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं. बढतीचे गुण पेपरला मिळतात. निर्जीव भाग टाकून दिल्याबद्दल कोणी अर्धा गुणही देत नाही.

खरी पंचाईत झाली ती डोंगरापलीकडच्या पाड्यावरच्या आजीमुळे. तिने सुजेवर एक मुळी सांगितली होती. सरांनी कौतुकाने तिला प्रयोगशाळा दाखवायला आणलं. आजीने चंबूचा वास घेतला, वाळणारा पाला चिवडला आणि म्हणाली, ‘मास्तर, म्या मुळी सांगितली, तुमी पाला आणला. पान्यात उकळ म्हनलं, तुमी दारूत उकळला. आन् सूज कुटं हाय?’ सुजेसाठी उंदीर लागतात, त्यांना एथिक्स कमिटीची परवानगी लागते, आणि सरांना उंदरांची भीती वाटते. म्हणून सूज नव्हती, दोन जिवाणू होते. सरांनी आजीला चहा पाजला. शिपायाचाच, अँटिऑक्सिडंट.

यंदा एम.एस्सी.ला एक मुलगी आली आहे, तिने कंट्रोल म्हणजे काय ते मनावर घेतलं आहे. परवा तिने एका भोकात कुठलाही अर्क न घालता नुसतं मेथॅनॉल भरलं. सकाळी सरांनी पट्टी लावली. ‘बारा! उत्तम. कोणती वनस्पती गं ही?’

‘सर, यात काहीच नाहीये.’

सरांनी चष्मा डोळ्यांवर घेतला, वर्तुळ पुन्हा एकदा नीट पाहिलं.

‘मग हे होमिओपॅथी कॉलेजला कळवायला हवं,’ म्हणाले, आणि पुढचं भोक मोजायला घेतलं.